चार इंच हिरवी तार

माणसाच्या आयुष्यातले मोठे नैतिक प्रश्न कुरुक्षेत्रावर उभे राहतात, असा माझा बरीच वर्षं समज होता. रणांगण, शंख, रथ, दोन्ही बाजूंना नातेवाईक, एवढा सरंजाम असल्याशिवाय धर्माधर्माचा प्रश्न पडायचाच नाही, असं वाटायचं. नातेवाईक दोन्ही बाजूंना मलाही आहेत. रथ म्हणाल तर एक स्कूटर आहे, आणि तिलाही चढावर सारथ्यानं उतरून ढकलावं लागतं. त्यामुळे आपल्या वाट्याला धर्मसंकट यायचं नाही, या भरवशावर मी बँकेच्या काउंटरमागे चोवीस वर्षं सुखानं काढली. २०२५ च्या मे महिन्यात ते आलं. आलं तेही भिंतीतून. ओटीवरच्या विजेच्या बोर्डामागे ते अठ्ठावीस वर्षं दबा धरून बसलं होतं.

घर आमचं मिरकरवाड्यात. रत्नागिरीत नव्यानं आलेल्या माणसाला हे बंदर डोळ्यांनी सापडलं नाही तरी नाकानं सापडतं. एका अंगाला रत्नदुर्गाचा डोंगर, पुढ्यात धक्का, आणि धक्क्याला एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या बोटी. इथल्या हवेत मीठ इतकं, की लोखंडाची कोणतीही वस्तू दोन पावसाळ्यांत विरक्त होते. खिळे, कड्या, बिजागऱ्या सगळ्या हळूहळू भगव्या होत जातात आणि एके दिवशी हातात येतात. अशा हवेत आमच्या घरातलं विजेचं सामान अठ्ठावीस वर्षं टिकलं, याचं श्रेय आई आमच्या अण्णांना देते. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर होते. घराचं वायरिंग त्यांनी १९९७ साली करून घेतलं, आणि त्यानंतर आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी एक वाक्य ऐकावं लागलं. "आमच्याकडे अर्थिंगवालं वायरिंग आहे हो." हे वाक्य आई अशा सुरात म्हणायची, की आमच्याकडे पेशव्यांची सनद आहे.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे फोनकडे येतो. घरात माणसं पाच आणि फोन सहा. सहावा कोणाचा असं विचारलं की चिरंजीव विषय बदलतात. ओटीवर बोर्ड एक आणि त्यावर प्लग घालायची जागाही एकच. रात्री साडेनऊनंतर त्या एका जागेसाठी जे होतं त्याला महाभारत म्हटलं तर व्यास रागावतील, पण कौरव निदान एकमेकांच्या चार्जरच्या वायरी उपटत नव्हते. सौभाग्यवतींचा फोन बारा टक्क्यांवर असताना कन्येनं तो काढून स्वतःचा लावला, त्या रात्री आमच्याकडे कोणीच जेवलं नाही. शेवटी सौ.नी फर्मान काढलं. तिच्या बहिणीकडे ठाण्याला भिंतीतच फोनची भोकं असलेलं सॉकेट बसवलंय, तसं आणा.

या भोकाला यूएसबी म्हणतात. त्यातला 'यू' म्हणजे युनिव्हर्सल. साऱ्या विश्वाला एकच भोक असावं, अशा वसुधैव कुटुंबकम छापाच्या हेतूनं ते १९९६ साली निघालं. आणि कुटुंबाचं जे होतं तेच त्याचंही झालं. पुढच्या अठ्ठावीस वर्षांत चपटी, चौकोनी, बारकी, त्याहून बारकी अशी इतकी भाऊबंदकी वाढली, की शेवटी युरोपातल्या सरकारांनी कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून तिथल्या नव्या फोनना सी नावाचं एकच भोक सक्तीचं केलं. मी रामआळीतून सातशे ऐंशी रुपयांना आणलेल्या सॉकेटला एक जुनं चपटं भोक होतं, एक सी, आणि वर आपली नेहमीची तीन भोकं. भिंतीतले २३० व्होल्ट आत घ्यायचे आणि बाहेर सौम्य ५ व्होल्ट द्यायचे, हे त्याचं काम. वरिष्ठ कार्यालयातून आलेले २३० व्होल्ट स्वतःत जिरवून आम्हा कारकुनांना पाचच देणारे साहेब मी उभ्या नोकरीत एकदाच पाहिले. तेही सहा महिन्यांत बदलून गेले.

आमचा बोर्ड जुना, लाकडी खोक्याचा, वर तपकिरी सनमायका. त्यात नवं सॉकेट बसेना. दुकानदार म्हणाला, याला नवी पेटी लागेल, फ्रेम लागेल, प्लेट लागेल, मग बटणंही त्याच घराण्यातली लागतील. दागिना सातशे ऐंशीचा आणि कोंदण बाराशेचं. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे मी हे सगळं भांडवली खर्चात टाकलं आणि एका रविवारी वायरमनला बोलावलं. पोरगा आयटीआय झालेला, कामसू, मिशा नुकत्याच फुटलेल्या. दोष एकच. तो मला काका म्हणाला.

मेन स्विच बंद करून त्यानं बोर्ड उघडला. गंजलेल्या चार स्क्रूंपैकी दोन निघाले आणि दोन तुटले. मग त्यानं आत बॅटरी मारली, मान वाकडी करून पाहिलं, मेन चालू करायला सांगितलं आणि दोन तारांच्या टोकाला बल्ब लावलेला आपला टेस्ट लॅम्प इकडेतिकडे टेकवला. एका ठिकाणी बल्ब लागला, दुसऱ्या ठिकाणी लागेना.

"काका, तुमच्याकडे अर्थिंग नाही."

"आहे!" माजघरातून आईचा आवाज आला. ती तांदूळ निवडत होती. तिला तांदळातला खडा दिसत नाही, पण अण्णांबद्दल कोणी वावगं बोललं तर भिंतीपलीकडून ऐकू येतं.

पोरानं पुन्हा मेन बंद केला आणि काही न बोलता बोर्डाच्या मागून बोटानं एक तार ओढून काढली. हिरवी. तिचं एक टोक तिसऱ्या, मोठ्या भोकाच्या स्क्रूला घट्ट आवळलेलं होतं. दुसरं टोक कशालाच लावलेलं नव्हतं. तार सगळी मिळून चार इंच. आणि त्या मोकळ्या टोकावर पांढरा दोरा गुंडाळलेला होता. जवळजवळ, एकावर एक न चढवता, शेवटी गाठ आत दडवून. "हे वायरमनचं काम नाही," पोरगा म्हणाला. "वायरमन टेप मारतो."

दोरा कोणाचा ते मला लगेच कळलं. अण्णांची छत्री, चष्म्याची काडी, आमच्या वह्यांची शिवण, सगळं ह्याच दोऱ्यानं आणि ह्याच गाठीनं बांधलेलं असायचं. मी काही बोललो नाही.

ज्यांना ह्या तिसऱ्या भोकाचं माहात्म्य ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. खालच्या दोन भोकांतल्या एकातून वीज येते, दुसऱ्यातून जाते. तिसरं भोक रोजच्या व्यवहारात काहीही करत नाही. तिथून एक तार जमिनीत पुरलेल्या पत्र्यापर्यंत जाते आणि वर्षानुवर्षं स्वस्थ बसते. फ्रीजच्या किंवा मिक्सरच्या आत एखादी तार सुटून पत्र्याला चिकटली, तर वीज माणसाच्या अंगातून जमिनीत शिरण्याऐवजी ह्या वाटेनं धावत सुटते आणि फ्यूज उडतो. ती पिन जाड आणि लांब केलेली असते ती याचसाठी, की प्लग घालताना विजेच्या आधी हिची गाठ पडावी आणि काढताना हिची शेवटी सुटावी. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखंच आहे ते. सगळं ठीक असताना कुणाच्या खिजगणतीत नसतं.

आमच्याकडे ही वाट भिंतीतच चार इंचांवर संपत होती. आमचा फ्रीज पावसाळ्यात चावतो, हे घरात सर्वांना माहीत होतं. चावायचं कारण मात्र कुणी शोधलं नव्हतं. कुत्र्याचा असतो तसा फ्रीजचाही स्वभाव असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. आईनं फ्रीजसमोर एक पाट टाकून ठेवला होता. त्यावर उभं राहूनच दूध काढायचं असा नियम होता, आणि पाटावर उभी राहून ती पाहुण्यांना अर्थिंगचं कौतुक सांगायची.

"काका, मी काय म्हणतो," पोरगा हळूच म्हणाला, "यूएसबीला अर्थिंग लागत नाही. दोन तारांवर चालतं. बसवून टाकू? वरून प्लेट मारली की कुणाला दिसणार?"

वाचकहो, कुरुक्षेत्र ते हेच. पोरानं सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. फोनला तिसऱ्या तारेची गरज खरोखरच नाही. सगळ्या घराला अर्थिंग करायचं तर परसात खड्डा, पत्रा, मीठ, कोळसा, प्रत्येक बोर्डापर्यंत नवी हिरवी तार, शिवाय मेनजवळ ३० मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडणारं यंत्र. अंदाज निघाला साडेअठरा हजार. मी दोन हजारांच्या कामासाठी रविवार मोडला होता.

आमच्या शास्त्रात अशा तारेला नाव आहे. ३१ मार्चच्या सुमाराला ताळेबंद देखणा दिसावा म्हणून काही काही करामती करतात, त्याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. परीक्षेत मला ह्या प्रश्नाला दहापैकी सात मार्क पडले होते. पण ज्या माणसानं माझी फी भरली, त्यानंच घराच्या भिंतीत ती करून ठेवली असेल, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं.

पोराला म्हटलं, आज राहू दे. रात्री माळ्यावरून अण्णांच्या हिशेबाच्या वह्या काढल्या.

१९९७ च्या मे महिन्याच्या पानावर वायरिंगचा सगळा तपशील होता. पट्टी, तारा, होल्डर, मजुरी. खाली एक ओळ होती. अर्थिंग, खड्डा-पत्रा-मीठ-कोळसा धरून रुपये ९००, पुढील मे. त्याच्या खालीच जूनच्या खर्चाची सुरुवात होती. चि. ची कॉलेजची फी, पुस्तकं, एक कॅल्क्युलेटर. तो चि. मी. त्या जूनमध्ये मी गोगटे जोगळेकर कॉलेजात एफ. वाय. बी. कॉम. ला गेलो होतो. १९९८ च्या मे महिन्यात पुन्हा तीच ओळ होती, अर्थिंग बाकी, पुढे. त्या वर्षी ताईचं लग्न झालं. १९९९ ला बाकी, पुढे. २००० ला बाकी, पुढे. रक्कम नऊशेची चौदाशे झालेली. २००४ पर्यंत दर मे महिन्यात ती ओळ इमानानं पुढच्या पानावर गेली होती. मग ती यायची थांबली. अण्णा २०११ साली गेले.

आई म्हणते ते मात्र अक्षरशः खरं आहे. तिनं तार डोळ्यांनी पाहिली होती. १९९७ साली वायरिंग संपलं तेव्हा तिनं बोर्ड बंद करू दिला नाही, आधी हिरवी तार दाखवा म्हणाली. दूधवाल्याच्या किटलीपासून डॉक्टरांच्या बॅगेपर्यंत कशाचंही झाकण उघडून बघायची तिची सवय आहे. कुणीतरी पावसात विजेचा धक्का लागून गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं आणि तिची झोप उडाली होती. मग तिला तार दाखवण्यात आली. तिनं पाहिली आणि ती झोपली. चार्वाकाला प्रत्यक्षाशिवाय दुसरं प्रमाण मान्य नव्हतं. आईला प्रत्यक्ष प्रमाण मिळालं, फक्त ते चार इंच होतं.

त्या रात्री मला झोप येईना. कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७९७ साली एक निबंध लिहून असं ठरवून टाकलं, की खोटं कधीच बोलू नये, परोपकारासाठीसुद्धा नाही. खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी नाही. बरोबर दोनशे वर्षांनी मिरकरवाड्यातल्या एका प्राथमिक शिक्षकानं दोऱ्याची गाठ मारून त्याला उत्तर दिलं. पण कांटचं लग्न झालेलं नव्हतं. रात्री दोन वाजता शेजारी उठून बसलेल्या आणि "विजेचा वास येतोय का हो?" असं विचारणाऱ्या माणसाचा त्यानं विचारच केलेला नाही.

आपला धर्मराज अधिक ओळखीचा वाटतो. तो खोटं बोलत नसे म्हणून त्याचा रथ जमिनीच्या चार बोटं वरून चाले. अश्वत्थाम्याबद्दल अर्धवट खरं बोलला आणि रथ खाली टेकला. पुराणकारांनी ही शिक्षा म्हणून सांगितली आहे. वायरमनच्या दृष्टीनं पाहिलं तर त्या क्षणी रथाचं अर्थिंग पूर्ण झालं. अण्णांच्या बाबतीत उलटं झालं होतं. आयुष्यातलं एकच खोटं बोलले आणि जमीन चार बोटंच काय, चांगली चार हात लांब राहिली.

जमीनही कुठली! सड्यावरच्या लोकांना जांभा फोडून खड्डा करावा लागतो आणि उन्हाळ्यात तो सुकला की वीज आत शिरायला कुरकुरते, म्हणून त्यांना त्यात पाणी ओतत बसावं लागतं. आमच्या परसात चार हात खणलं की पाणी लागतं, तेही खारट. अर्थिंगला ओली आणि खारी जमीन फार मानवते. म्हणजे तालुक्यातली उत्तम जमीन आमची, आणि तिच्यापर्यंत पोचायला नऊशे रुपये नव्हते.

यावर माझ्यातला बँकवाला म्हणाला, अठ्ठावीस वर्षांत काही झालं का? नाही ना? मग नुकसान कुणाचं? आईला झोप मिळाली, मला पदवी मिळाली. हा युक्तिवाद मला ओळखीचा वाटला. काउंटरवर रोज तोच चालतो. ठेवीदार पैसे ठेवून जातो आणि आत सगळं जागच्या जागी आहे असं धरून चालतो. तिजोरी उघडून दाखवा असं म्हणत नाही. आईसारखं कुणी म्हणालंच, तर आम्ही त्याला पासबुक भरून देतो, म्हणजे चार इंच तार. बँक बुडालीच तर ठेवीदारामागे विम्याची रक्कम ठरलेली असते; १९९३ पासून ती १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. मधल्या सत्तावीस वर्षांत ती किती आहे असं मला ज्यांनी विचारलं, ते ग्राहक मी एका हाताच्या बोटांवर मोजेन. काही होत नाही तोवर भरवसा आणि भाबडेपणा एकसारखेच दिसतात, आणि काही झालं की फरक कळून उपयोग नसतो. आणि अण्णांना आपल्या तारेपुढे काय आहे ते माहीत होतं. म्हणून तर ते दर मे महिन्यात ती ओळ लिहीत होते. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या वहीत देणं कशाला दाखवील?

एवढं झाल्यावर मी आमचं अर्थिंग करायचं नक्की केलं. साडेअठरा हजारांनी पोटात गोळा आला, पण तो आपला आपल्यालाच येणारा गोळा होता. खरी पंचाईत पुढेच होती. ती शेजारच्या चाचीची.

चाचीकडे आमच्यानंतर वर्षभरानं वायरिंग झालं, त्याच वायरमनकडून, अण्णांच्या सांगण्यावरून. "मास्तरांनी सांगितलं तीन भोकांचं करा, म्हणून केलं," हे मी तिच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. तिच्याकडे मासळीचा मोठा फ्रीजर आहे. पहाटे ती अनवाणी, ओल्या हातांनी, बर्फाच्या पाण्यात उभी राहून त्याचं झाकण उघडते. तिच्याकडेही भिंतीत चारच इंच असतील तर? तिला सांगायला हवं, तेही उद्या नाही, आज. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मास्तरांनी आपल्या घरी खोटी तार लावली होती, तेव्हा तुझ्याकडचीही बघून घे? ज्या माणसाच्या शब्दावर अर्धी वाडी मुलांची शाळा, मुलींची स्थळं आणि पोस्टातली बचत ठरवायची, त्याचा शब्द मी चौदा वर्षांनी जाऊन काढून घ्यायचा?

त्यात चाचीचं आमच्यावर ऋण. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं, लाईट गेली ती लवकर येईना. तेव्हा तिच्या मुलानं धक्क्यावर बांधलेल्या बोटीच्या बॅटरीवर आमचे सगळे फोन चार्ज करून दिले होते. ताई पुण्याहून आईच्या काळजीनं रडत होती, तिला आवाज ऐकवता आला तो त्या बॅटरीमुळे. त्या बोटीला अर्थिंगची चिंता नव्हती. तिच्याखाली अख्खा समुद्र होता.

कोणालाही वाटेल की मी त्याच संध्याकाळी गेलो असेन. मी आठ दिवस गेलो नाही. पहिल्या दिवशी चाचीकडे पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यामुळे ती दमलेली असणार होती. तिसऱ्या दिवशी मी सौ.ला बँकेत क्लोजिंग आहे म्हणून सांगितलं. मे महिन्यात बँकेचं कसलंही क्लोजिंग नसतं, हे तिला लग्नानंतर वीस वर्षांनी तरी माहीत असायला हवं होतं. पण तिनं भरवसा ठेवला. रोज पहाटे फ्रीजरच्या झाकणाचा आवाज यायचा आणि मी अंथरुणात उठून पुढचा आवाज यायची वाट पाहायचो. पुढचा आवाज म्हणजे चाचीनं मांजराला घातलेली शिवी. ती ऐकली की पुन्हा आडवा व्हायचो. आईला १९९७ साली झोप का येत नव्हती, ते मला तेव्हा कळलं.

त्या वर्षी पाऊसही थांबला नाही. एरवी जूनमध्ये येणारा मोसमी पाऊस २५ मे लाच तळकोकणात उतरला. आमच्या अंगणात पाणी साचलं, आणि मी वायरमन पोराला घेऊन तसाच छत्रीतून चाचीकडे गेलो. म्हटलं, "चाची, आमचं वायरिंग बघायला हा आलाय. तुमचंही बघून घेऊ. जुनं झालंय." अण्णांचं नाव काढलं नाही.

पोरानं बोर्ड उघडला. टेस्ट लॅम्प लावला. एका ठिकाणी लागला. दुसऱ्या ठिकाणीही लागला, लख्ख. हिरवी तार बोर्डातून निघून भिंतीवरून मागच्या दारी गेली होती आणि माडाच्या बुंध्याशी एका सिमेंटच्या चौकटीत शिरली होती.

"ते मास्तरांनी केलंय," चाची म्हणाली. "आमच्यांना तर नको होतं, खर्च कशाला म्हणत होते. मास्तर ऐकेनात. म्हणाले, घरात बर्फाचं काम, ओल्यात वावरायचं, हे आधी करा, रंग मागाहून काढा. दोन दिवस रजा टाकून इथे उन्हात उभे होते रे बाळा. खड्डा हातानं मोजला. मीठ कमी घातलं म्हणून गड्यावर ओरडले." मग जरा थांबून तिनं विचारलं, "तुमचा खड्डा कुठेशी आहे? मी कधी पाहिला नाही."

म्हणजे १९९८ चा मे. त्याच महिन्याच्या पानावर, अर्थिंग बाकी, पुढे.

मी म्हणालो, "आमचा आता नव्यानं करतोय, चाची."

वाक्य शब्दशः खरं होतं. माझा रथ खाली टेकायचा प्रश्न नव्हता, स्कूटर आधीपासूनच जमिनीवर आहे. चाचीनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मीठ विकत आणू नको. आमच्याकडे खारवायचं खडे मीठ आहे, दोन गोणी ने."

आईला सांगणं त्या मानानं सोपं जाईल असं वाटलं होतं. मी वही दाखवली नाही. इतकंच म्हणालो, की तार मध्येच तुटलेली आहे. तिनं तो चार इंचांचा तुकडा हातात घेतला, दोरा निरखला, गाठीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उंदरांनी खाल्ली असेल. अण्णांनी पुरती घातली होती. मी डोळ्यांनी पाहिलीय." आणि तो तुकडा तिनं देवघराच्या खणात, अण्णांच्या चष्म्याशेजारी ठेवला. उंदीर तार खातील एक वेळ, पण खाऊन झाल्यावर टोकाला दोरा गुंडाळणार नाहीत, हे तिला कळत नसेल असं मला वाटत नाही. मी विचारलं नाही.

परसात खड्डा झाला. एक थर मीठ, एक थर कोळसा, मध्ये पत्रा. चाची स्वतः येऊन मीठ पुरेसं आहे का ते पाहून गेली. ओटीवर नवं सॉकेट बसलं, निळा बारीक दिवा लागला, सौ.नी पहिला फोन लावला. चिरंजीवांनी पाच मिनिटं टक्क्यांकडे पाहिलं, "ह्याला फास्ट चार्जिंग नाही, बाबा," असं म्हणून स्वतःचा जुना ठोकळा वरच्या तीन भोकांत खुपसला, आणि साडेनऊची भांडणं पूर्ववत सुरू झाली.

फ्रीज आता चावत नाही. मी स्वतः ओल्या हातानं, अनवाणी उभं राहून पाहिलं आहे. म्हणून एक दिवस आईच्या पायाखालचा पाट उचलायला गेलो, तर तिनं माझा हात धरला.

"राहू दे तो," ती म्हणाली. "तुझ्या अर्थिंगचा काय भरवसा? अण्णांच्या वेळची गोष्ट निराळी होती."